दोरीचं दुसरं टोक

वॉटर स्कीइंगच्या स्पर्धेत बोट चालवणाऱ्याला जिंकता येत नाही. दुसऱ्याला हरवता मात्र येतं. पाण्यावर उभ्या असलेल्या खेळाडूकडे वल्हं नसतं, शीड नसतं, इंजीन नसतं. त्याची सगळी गती उसनी असते आणि ती देणारा माणूस दोरीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसलेला असतो. घोड्यांच्या शर्यतीत घोडा स्वाराच्याच बाजूने धावतो. मोटार शर्यतीत गाडी चालकाच्या संघाची असते. इथे तसं काही नाही. बोट आयोजकांची, चालक आयोजकांनी नेमलेला, आणि तोच चालक दिवसभर एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना ओढत राहतो. एकाच माणसाने सगळ्यांना तंतोतंत सारखं ओढायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात या खेळाचं नियमपुस्तक जे जाडजूड झालं, ते बऱ्याच अंशी या एका अपेक्षेपायी. खेळाडूने काय करावं याबद्दल त्यात जितकं लिहिलंय, त्याहून जास्त बोट, दोर आणि घड्याळ यांनी काय करू नये याबद्दल असावं, असं वाचताना वाटत राहतं.

तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर बनाना राइड घेतलेल्या वाचकाला बोटीमागे ओढलं जाण्याची मजा ठाऊक असेल. त्या मजेत बोट जितकी उसळेल, चालक जितका खोडसाळ असेल, तितकी रंगत जास्त. स्पर्धेतल्या वॉटर स्कीइंगला यातलं काहीही चालत नाही. समुद्र तर नकोच. त्याला लागतं लांबट, अरुंद, वारा अडलेलं, आरशासारखं सपाट पाणी. अमेरिकेतल्या फ्लोरिडात आणि टेक्ससमध्ये अशी तळी मुद्दाम खोदून घेतात. काठाला असा हलका उतार देतात की बोटीने उठवलेली लाट तिथे जाऊन विरते, आदळून परत येत नाही. दोन्ही टोकांना बोटीला वळायला जागा ठेवतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या जागेच्या मधोमध एक छोटं बेटही. अशा तळ्याभोवती घरं बांधून राहणाऱ्या स्कीअरांच्या वसाहती आहेत. आपल्याकडे हा खेळ का रुजला नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

सुरुवात मात्र खोदलेल्या तळ्यात झाली नाही. मिसिसिपी नदी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांच्या सीमेवर एके ठिकाणी फुगून रुंद होते, त्या पात्राला लेक पेपिन म्हणतात. तिथल्या लेक सिटी गावात राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा राहायचा. बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही, असं त्याच्या डोक्यात आलं. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्कीज. दोन्ही बुडाल्या. तेव्हा त्याने लाकडाच्या वखारीतून फळ्या आणल्या, प्रत्येक सुमारे आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद. त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वाकवून वर वळवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडक्यांच्या सरकत्या तावदानांना लावतात ती सुती दोरी घेतली आणि हाताला धरायला लोखंडी कडं. बोटीवर भाऊ बेन. कित्येक दिवस आपटून झाल्यावर २ जुलै १९२२ रोजी त्याला मेख सापडली : मागे रेलायचं आणि स्कीजची टोकं पाण्याबाहेर ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणीस वर्षं पूर्ण झाली. तीन वर्षांनी, १९२५च्या जुलैमध्ये, त्याने पाण्यातल्या एका तिरक्या फळीला डुकराची चरबी चोपडून तिच्यावरून उडीही मारली.

सॅम्युएलसनने पेटंट घेतलं नाही. ते घेतलं न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने, १९२५ साली. हाच वॉलर पुढे तीन प्रोजेक्टरांच्या सिनेरामा तंत्राचा जनक म्हणून सिनेमाच्या इतिहासात गेला. सॅम्युएलसन पाठीच्या दुखापतीनंतर खेळापासून दूर झाला, टर्की पाळू लागला आणि विसरला गेला. लेक सिटीत भिंतीवर लटकलेल्या त्याच्या जुन्या स्कीज एका पत्रकाराला दिसल्या, चौकशी झाली, आणि १९६६ साली अमेरिकन वॉटर स्की संघटनेने या खेळाचा जनक म्हणून त्याला अधिकृत मान दिला. तोवर खेळ चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता.

मधल्या काळात त्याला प्रसिद्धी मिळाली ती मुख्यतः फ्लोरिडातल्या सायप्रेस गार्डन्समुळे. डिक पोप यांनी विंटर हेवन गावाजवळ १९३६ मध्ये हे उद्यान उघडलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून तिथे स्कीइंगचे खेळ होऊ लागले. माणसांचे मनोरे, झगमगते पोशाख, एकाच बोटीमागे रांगेने मुली. हॉलिवूड अभिनेत्री एस्थर विल्यम्सचा एक चित्रपटही तिथे झाला. त्या जागेवर आज लेगोलँड आहे. तमाशाने खेळ लोकांपर्यंत पोचवला हे खरं, पण मनोरा चढणाऱ्याला गुण कसे द्यायचे? १९३९ मध्ये अमेरिकन संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या जोन्स बीचवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९४६ मध्ये जिनेव्हात आंतरराष्ट्रीय संघटना आणि १९४९ मध्ये फ्रान्सच्या जुआँ-ले-पँ इथे पहिली जागतिक स्पर्धा. तेव्हापासून खेळाचे तीन प्रकार पक्के आहेत : स्लालम, ट्रिक्स आणि जंप. तिन्हींची मिळून एक ‘ओव्हरऑल’ विजेतेपदाची लढत. १९६९च्या कोपनहेगन स्पर्धेत अमेरिकेच्या लिझ अ‍ॅलनने तिन्ही प्रकार आणि ओव्हरऑल, अशी चारही सुवर्णं एकटीने नेली. आजच्या काळात तसं पुन्हा घडणं अवघड दिसतं, कारण तिन्ही प्रकार इतके वेगळे होत गेलेत की एकाच शरीराला ते झेपणं कठीण झालंय.

यातला स्लालम मी जरा सविस्तर सांगतो, कारण उसन्या गतीचा हिशेब तिथे सगळ्यात उघडा पडतो.

तळ्याच्या मध्यातून बोटीसाठी एक सरळ मार्ग असतो, दोन्ही बाजूंनी छोट्या बोयांनी आखलेला. या मार्गाच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर, एक डावीकडे एक उजवीकडे, असे सहा बोये. आत शिरायला दोन बोयांचं एक फाटक, बाहेर पडायला तसंच दुसरं. फाटकापासून पहिला बोया २७ मीटरवर, मग प्रत्येक बोया पुढे ४१ मीटरवर, शेवटच्यापासून बाहेरचं फाटक पुन्हा २७ मीटर. एकूण २५९ मीटर. बोट सरळ जाते. स्कीअर एकाच स्कीवर फाटकातून शिरतो आणि सहाही बोयांना बाहेरून वळसा घालून दुसऱ्या फाटकातून बाहेर येतो. शिरतानाचं फाटक हुकलं तर ती फेरी शून्य, मग पुढचे सहाही बोये घेतले तरी.

पुरुषांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. खालच्या वेगापासून सुरुवात करणाऱ्याचा वेग प्रत्येक यशस्वी फेरीनंतर ३ किलोमीटरने वाढतो. कमाल वेग गाठला की ही वाढ थांबते. वेग वाढवतच नेला असता तर हा खेळ केवळ कोण किती जोरात आपटून वाचतो याचा झाला असता. म्हणून तिथून पुढे दोर आखूड करतात. १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. दोरात त्या त्या लांबीवर वेगवेगळ्या रंगांचे फासे विणलेले असतात. फेरी पूर्ण झाली की बोटीत बसलेला सहायक पुढच्या रंगाचा फासा दोर बांधायच्या खुंटाला अडकवतो आणि बोट उलटी फिरते.

आता हे आकडे बोयाच्या अंतराशी ताडून पाहा. बोया ११.५ मीटरवर. दोर ११.२५ मीटरचा झाला की तो सरळ आडवा ताणला तरी बोयापर्यंत पोचत नाही. ९.७५ला तर पावणेदोन मीटर कमी पडतो. ही उणीव स्कीअर स्वतःच्या शरीराने भरून काढतो : एक हात दोराकडे लांबवलेला, अंग पाण्यालगत झोकलेलं, कोपर पाण्याला टेकायच्या बेतात आणि पायाखालची स्की त्याहूनही बाहेर, बोयाच्या पलीकडे. लांब दोरावर तो बोटीच्या मागून वळतो. आखूड दोरावर त्याला वळण्यासाठी जवळजवळ बोटीच्या बरोबरीला यावं लागतं. मळ्यात पाखरं हाकलणाऱ्याच्या गोफणीतल्या दगडासारखा तो खुंटाभोवती फेकला जातो. फरक एवढाच की या दगडाला दर अडीच सेकंदांनी दिशा बदलायची असते. हिशेब सोपा आहे. ताशी ५८ म्हणजे सेकंदाला सुमारे १६.१ मीटर. एका बोयापासून दुसऱ्यापर्यंतचे ४१ मीटर बोट अडीच सेकंदांत कापते. तेवढ्यात स्कीअरने २३ मीटर रुंदी ओलांडून, लाटेचे दोन वरंबे पार करून, वेग मारून पुन्हा वळायचं. म्हणूनच बोट ५८ने जात असली तरी मध्यभागी लाट ओलांडताना स्कीअरचा वेग शंभरीच्या घरात जातो.

गुण म्हणजे घेतलेले बोये. वळसा अर्धाच जमला तर त्याचा पाव किंवा अर्धा गुण मिळतो. बोयाला स्की घासून गेली तर चालतं. बोयावर चढलात तर तो गेला. अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ मध्ये लुइझियानातल्या कव्हिंग्टनला ९.७५ मीटर दोरावर अडीच बोये घेऊन जागतिक विक्रम केला. म्हणजे एका माणसाने सहापैकी अडीच बोये घेतले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. हा खेळ नेहमी अपयशावरच संपतो. जिंकणाराही शेवटी पाण्यात पडलेलाच असतो, फक्त इतरांपेक्षा थोडा पुढे. याआधीच्या पिढीत ब्रिटनच्या अँडी मॅपलने एकामागून एक विक्रम मोडून हा आखूड दोराचा प्रदेश पहिल्यांदा खुला केला. त्याला वळताना पाहिलेल्या मंडळींना आजही तोच या कलेतला मानदंड वाटतो.

आता बोटीकडे वळू. ९.७५ मीटर दोरावर बोट नेमक्या मध्यरेषेवर असेल असं आपण गृहीत धरलं. समजा, ती वीस सेंटीमीटर स्कीअरच्या बाजूला सरकली. तर दोर वीस सेंटीमीटरने लांब झाल्यासारखाच. एक बोया डावीकडे, दुसरा उजवीकडे. चालक प्रत्येक बोयापाशी जरा त्या त्या बाजूला कलत गेला तर स्कीअरचं काम बरंच सोपं होतं. आणि गंमत अशी, की स्कीअरची ओढ बोटीला अगदी हेच करायला लावते. लाटेमागून तो जीव खाऊन खेचतो तेव्हा दीडेक टनाची बोट जागेवरून हलते. चालकाला त्या ओढीच्या विरुद्ध सुकाणू धरून बोट सरळ ठेवायची असते. ते आधीपासून करावं लागतं. ओढ जाणवल्यावर सुकाणू फिरवलं तर उशीर झालेला असतो.

म्हणून या खेळाची बोट साधी स्पीडबोट नसते. इंजीन मध्यभागी, दोर बांधायचा खुंटही शेपटीला नसून मध्यभागी, म्हणजे बाजूची ओढ बोटीचं तोंड फिरवणार नाही. तळाला छोटी पाती, सरळ रेष धरायला. तळ असा घडवलेला की मागची लाट बुटकी आणि मऊ राहावी. करेक्ट क्राफ्टच्या स्की नॉटीक, मास्टरक्राफ्ट, मॅलिबू, अशी मोजकी नावं या कामात आहेत, आणि अधिकृत स्पर्धेत तीच बोट चालते जिला तपासणीनंतर मान्यता मिळालेली असते. दोरही तसाच : ताण देऊन मोजलेला. आखणी सर्वेक्षणाच्या उपकरणांनी तपासलेली. बोट कुठून गेली हे पाहणारे कॅमेरे, आणि अलीकडे तिचा मार्ग उपग्रहांच्या मदतीने सेंटीमीटरमध्ये नोंदवणारी यंत्रणा. विक्रमाचा दावा केला की हे सगळं कागदोपत्री द्यावं लागतं. विक्रम स्कीअरचा, पण पुरावे जवळजवळ सगळे बोटीचे.

मार्गाहून अवघड प्रश्न वेगाचा होता. १९९०च्या दशकापर्यंत चालक हाताने थ्रॉटल सांभाळायचा. स्कीअरने खेचलं की बोट मंदावणार, सोडलं की सुटणार; चालकाने कानाने आणि अंगाने ते ओळखून हात पुढे-मागे करायचा. मार्गावर घड्याळं लावलेली असायची. ५८च्या वेगाला २५९ मीटर १६.०८ सेकंदांत व्हायला हवेत. ठरलेल्या मर्यादेबाहेर वेळ गेली तर फेरी पुन्हा. पण एकूण वेळ बरोबर येऊनही आत काय काय घडलं ते घड्याळाला कळत नसे. पहिल्या तीन बोयांना जरा जोरात आणि पुढच्या तिन्हींना जरा हळू, सरासरी चोख! आपल्या आवडत्या चालकाच्या मागे स्कीअरांची कामगिरी सुधारायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते कोणाला सिद्ध करता येत नव्हतं.

कॅनडातल्या परफेक्ट पास या कंपनीने वेगनियंत्रक आणला आणि थ्रॉटल चालकाच्या हातून गेला. त्यानंतर जीपीएसवर चालणारा झीरो ऑफ आला. तो आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये सर्रास वापरतात. चालकाच्या हाती उरलं फक्त सुकाणू. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण उलट नवी चर्चा सुरू झाली. स्कीअरने खेचल्यावर यंत्राने उत्तर कधी आणि किती जोरात द्यायचं? लगेच जोर लावला तर वेग अचूक राहतो, पण खेचणाऱ्याच्या हाताला धक्का बसतो. जरा थांबून हळुवार लावला तर ओढ मऊ वाटते, पण वळणाच्या वेळी ती उशिराने येते. शेवटी यंत्रात पर्याय ठेवावे लागले : ए, बी, सी ही अक्षरं प्रतिसादाची तऱ्हा सांगतात, १, २, ३ हे आकडे जोर. सुरू होण्याआधी स्कीअर ‘बी दोन’ किंवा ‘सी एक’ असं सांगतो आणि बोटीतला माणूस तसं लावतो. न्याय सगळ्यांना सारखा हवा म्हणून यंत्र आणलं, आणि मग प्रत्येकाला आपापल्या अंगाला मानवेल असं ते लावून घ्यायची मुभा द्यावी लागली. मला यात विसंगती दिसत नाही. सारखेपणा वेगात हवा होता, तो आहे. हाताला काय जाणवतं ते ज्याचं त्याने ठरवावं.

स्कीअरच्या स्वतःच्या ताब्यात जे आहे त्याच्याबद्दल तो किती हळवा असतो, हे पाहायचं तर स्पर्धेच्या सकाळी धक्क्यावर जावं. स्लालमची स्की साधारण पावणेदोन मीटरची, कार्बनची, तळाला पन्हळीसारखी खोलगट. मागच्या टोकाला खाली एक धातूचं पातं, ते म्हणजे फिन, आणि त्या फिनवर एक चिमुकला आडवा पंख. फिन किती लांब, किती खोल, शेपटीपासून किती अंतरावर, पंखाचा कोन किती, हे सगळं स्क्रूंनी बदलता येतं. लोक कॅलिपर घेऊन बसतात आणि इंचाच्या हजाराव्या भागाने फिन पुढे-मागे सरकवतात. फिन जरा खोल गेली तर वळताना शेपूट घट्ट धरून ठेवते. वर आली तर शेपूट घसरते आणि स्की लवकर वळते. काल सहाही बोये मिळाले आणि आज पाच, तर दोष पाण्याच्या तापमानाचा की फिनचा, यावर तासभर वाद चालतो. तापमानाचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. थंड पाणी दाट असतं, त्यावर स्की वेगळी वागते, आणि हंगाम बदलला की बरेच जण फिनची मापं खरोखरच बदलतात.

ट्रिक्सबद्दल थोडक्यात. त्यातली स्की जेमतेम मीटरभर, रुंद आणि तळाला फिनच नसलेली, म्हणजे कुठल्याही दिशेला गिरकी घेता येते. बोटीचा वेग स्कीअर स्वतः सांगतो, दोराची लांबीही. वीस-वीस सेकंदांच्या दोन फेऱ्या. प्रत्येक कसरतीला नियमपुस्तकात ठरलेले गुण आहेत, एक कसरत एकदाच मोजली जाते, उलट दिशेने केली तर तिचे वेगळे. गिरक्या, कोलांट्या, आणि दोर हातात न धरता हँडलच्या पट्ट्यात पाय अडकवून केलेल्या गिरक्या. शेवटचा प्रकार धोक्याचा, कारण पडलेला माणूस पायाने ओढला जाऊ शकतो. म्हणून बोटीत एक जण खुंटावरच्या खटक्याची दोरी हातात धरून वीस सेकंद डोळ्याची पापणी न लवता मागे बघत बसतो. स्कीअर पडताक्षणी तो दोर सोडून देतो. हा माणूस सहसा स्कीअरचा प्रशिक्षक किंवा नातलग असतो. अनोळखी हातात आपला पाय कोण देईल? बेलारूसच्या अलियाक्सेई झार्नासेकने २०११ मध्ये चाळीस सेकंदांत १२,५७० गुण केले होते. त्या वेगाने हे मोजणं पंचाच्या डोळ्याला जमत नाही. चित्रीकरण थांबवत थांबवत गुण देतात, आणि प्रेक्षकांना निकालासाठी ताटकळावं लागतं. ट्रिक्स दूरचित्रवाणीवर कधी नीट चालल्या नाहीत, त्याचं हे एक कारण असावं.

जंपचं तसं नाही. ते बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. बोटीच्या मार्गाच्या उजवीकडे पाण्यात एक तिरका मंच तरंगत असतो, मेण लावलेला आणि पाणी सोडून ओला ठेवलेला. पुरुषांसाठी त्याची उंची १.८ मीटरपर्यंत ठेवता येते. बोटीचा कमाल वेग पुरुषांना ५७, स्त्रियांना ५४. दोर सगळ्यांना २३ मीटरचा. जंपर आधी मंचाच्याच बाजूला, उजवीकडे लांब, जवळजवळ बोटीच्या बरोबरीला जातो. मग डावीकडे झेपावतो आणि तिकडे टोकाला पोचून जोराने वळतो. त्या वळणानंतर तो पुन्हा उजवीकडे, लाट ओलांडून मंचाकडे झेपावतो तेव्हा त्याचा वेग बोटीच्या वेगाच्या दुपटीकडे झुकतो. मंचाला स्की लागताना गुडघे जरा जरी मोडले तरी सगळी ताकद वाया. हवेत गेल्यावर तो बर्फावरच्या स्की जंपरप्रमाणे दोन स्कीजच्या मध्ये पुढे झुकतो. उतरून, उभा राहून, खुणेच्या बोयांपर्यंत गेला तरच उडी मोजली जाते. तीन उड्या आणि त्यातली सर्वांत लांब. कॅनडाच्या रायन डॉडने २०१७ मध्ये ७७.४ मीटर उडी मारली. अंगात जाड अस्तराचा तरंगायला मदत करणारा सूट, डोक्याला हेल्मेट, आणि एक दंड पट्ट्याने अंगाशी बांधलेला, कारण मंचावर दोराचा हिसका खांदा निखळवू शकतो. पूर्वी अंतर किनाऱ्यावरच्या तीन केंद्रांवरून कोन मोजून काढायचे, आता चित्रीकरणावरून काढतात. इथेही बोट महत्त्वाची आहेच : मंचाकडे झेपावणाऱ्याची ओढ बोटीला अशी मंदावते की पूर्वी चालक त्या क्षणी थ्रॉटल किती दाबतो यावर मीटर-दोन मीटरचा फरक पडू शकत असे.

या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वॉटरस्की आणि वेकबोर्ड महासंघाखाली आता तीन प्रकारांपलीकडे बराच पसारा आहे : अनवाणी स्कीइंग, शर्यती, वेकबोर्ड (दोन्ही पाय अडकवून उभं राहायची एकच रुंद फळी), वेकसर्फ, प्रदर्शनी स्कीइंग, आणि अपंगांच्या स्पर्धा. अपंगांच्या स्पर्धेत बसून स्की चालवणारे असतात, आणि दृष्टिहीनांसाठी आवाजावर चालणारा स्लालम असतो. जगाची वाटणी तीन खंडीय संघांत केलेली आहे : अमेरिका, युरोप-आफ्रिका, आणि आशिया-ओशनिया. पंच, गुणलेखक, तंत्रज्ञ आणि चालक यांच्या परीक्षा होतात, श्रेण्या असतात, आणि त्या टिकवायला दरवर्षी ठरावीक काम करावं लागतं. चालकालाही श्रेणी असावी हे वाचून नवख्याला हसू येतं. वर सांगितलेले वीस सेंटीमीटर आठवले की येत नाही.

हा खेळ ऑलिंपिकमध्ये एकदाच दिसला. १९७२च्या म्युनिक खेळांत त्याचं प्रदर्शन झालं, म्युनिकपासून दूर, उत्तरेला कील शहरात. पुढे पॅन अमेरिकन खेळांत त्याला १९९५पासून जागा मिळाली, आणि वर्ल्ड गेम्समध्ये तो १९८१च्या पहिल्याच आवृत्तीत होता. ऑलिंपिकचं दार मात्र उघडलं नाही. अधिकृत कारणं काहीही असोत, मला वाटतं खरी अडचण बोटीचीच आहे. एका स्पर्धकामागे एक बोट, पेट्रोल, तीन माणसं, काठावर पंच, आणि सगळं पाणी शांत होईपर्यंत पुढच्याने थांबायचं. ज्या देशाकडे तळं, बोट आणि इंधनाचे पैसे नाहीत त्याने हा खेळ शिकायचा कसा? पदकांच्या यादीत दहा-पंधरा देशांचीच नावं येत राहिली तर ऑलिंपिकला त्यात रस का असावा?

बोट काढून टाकायचा मार्ग फार पूर्वी एका जर्मन अभियंत्याने शोधला होता. ब्रुनो रिक्सेनने १९६०च्या आसपास तळ्याभोवती खांब उभे करून वर फिरणारी तार लावली आणि तिला दोर जोडले. विजेच्या मोटरवर तार फिरत राहते, एकाच वेळी अनेक जण ओढले जातात, कोणाची लाट कोणाला आडवी येत नाही. चालक नाही, सुकाणू नाही, ‘बी दोन’ नाही. जर्मनीत आणि मग इतरत्र अशी केबल-तळी उगवली. तरुण पोरं मोठ्या संख्येने वेकबोर्ड घेऊन तिथेच येऊ लागली. त्यांना बोये आणि फाटकं नको होती, उड्या आणि अडथळे हवे होते.

२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२०च्या खेळांसाठी विचारात घ्यायच्या आठ क्रीडाप्रकारांची यादी काढली, तेव्हा महासंघाने पुढे केलेलं नाव वेकबोर्डचं होतं, आणि तेही तारेवरच्या. स्लालम, ट्रिक्स आणि जंप यांचा त्या प्रस्तावात समावेश नव्हता. दोन वर्षांनी वेकबोर्डही यादीतून गळालं आणि जागा कुस्तीला परत मिळाली.